सुई राहू दे, डॉक

पश्चिम कॅन्ससमध्ये मी गुरांचा डॉक्टर आहे. परभणीला शिकलो, इथल्या परीक्षा दिल्या, आणि आता गाभण तपासणी, लसीकरण, लिलावाच्या जनावरांचे दाखले यांतच वर्ष सरतं. ऑक्टोबरमध्ये वासरं आईपासून तोडतात. गोऱ्हे बहुतेक लिलावाला जातात. कालवडींतल्या निवडक मात्र घरी ठेवतात आणि त्यांना ब्रुसेलाची, म्हणजे गाई गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या रोगाची, लस देतात. ती मान्यताप्राप्त डॉक्टरनेच टोचायची असते.

काम बाहेरून सोपं दिसतं. कालवड चार ते बारा महिन्यांचीच हवी. आरबी-51 ही जिवंत जंतूंची लस, एकदा कालवली की ठेवता येत नाही. सुई चुकून आपल्याच बोटात गेली, तर ब्रुसेलावरचं नेहमीचं औषध, रिफॅम्पिसिन, तिच्यापुढे चालत नाही. उजव्या कानात नारिंगी बिल्ला मारायचा आणि कानाच्या आत गोंदायचं: आर, ढालीतला व्ही आणि वर्षाचा शेवटचा आकडा. कानातला मळ पुसून, शिरा चुकवून चिमटा दाबायचा आणि हिरवी शाई अंगठ्याने चोळून भोकांत भरायची. घाईत उरकणाऱ्यांचं गोंदण पुढे कुणाला वाचता येत नाही. माझं येतं.

2025 च्या ऑक्टोबरात एका म्हाताऱ्या रँचरकडे, म्हणजे कुरणांवर गुरं पाळून वासरं विकणाऱ्याकडे, गेलो, तेव्हा बाजार बिथरलेला होता. ट्रम्प यांनी अर्जेंटिनाचं बीफ आणण्याची भाषा केली होती आणि शिकागोत वासरांचे वायदे आपटले होते. कांदा चढला की दिल्लीला शहरातलं गिऱ्हाईक आठवतं, तसाच प्रकार. पहिली कालवड खोड्यात अडकली, मी लस कालवली, आणि म्हातारा फोन खिशात टाकत म्हणाला, "सुई राहू दे, डॉक. सगळ्या लिलावाला जातील."

कालवडी उत्तम होत्या. देशातली गुरं 1951 नंतर प्रथमच इतकी कमी, 2025 च्या जानेवारीत 8 कोटी 67 लाख. मेक्सिकोतून येणारी वासरंही स्क्रूवर्म या जिवंत जनावराचं मांस खाणाऱ्या अळीमुळे अडवलेली. अशा वेळी मादी ठेवायची नाही तर कधी? मी तेच म्हटलं.

त्याने हिशेब मांडला. आज ठेवलेली कालवड पुढच्या उन्हाळ्यात गाभण राहणार, 2027 च्या वसंतात विणार, आणि तिचं वासरू कत्तलखान्याला जायला 2028 उजाडणार. "तेव्हा भाव कोण ठरवणार? तेच चौघे."

चौघे म्हणजे चार मांस कंपन्या. देशात खाद्यावर पोसलेली साधारण 85 टक्के गुरं त्यांच्याकडे कापली जातात. 1980 च्या सुमारास पहिल्या चारांचा वाटा 36 टक्के होता. या दादागिरीला आळा घालायला 1921 मध्येच कायदा झाला. तो कागदावर अजून ठणठणीत आहे.

म्हाताऱ्याच्या मनात मात्र 9 ऑगस्ट 2019 रुतून बसलाय. त्या रात्री आमच्याच भागात, होल्कमच्या कत्तलखान्याला आग लागली. रोजची सुमारे सहा हजार गुरं कापणारी जागा बंद पडली. जिवंत गुरांचा भाव कोसळला आणि त्याच आठवड्यात कारखान्यांतून खोक्यांत भरून विकलं जाणारं मांस महागलं. पुढच्या वर्षी कोविडमध्ये पुन्हा तेच. कत्तल थांबली की गुरं तुंबतात आणि मांस टंचाईचं होतं. मधला फरक ज्याच्या हाती कारखाना, त्याच्या खिशात. यात कट असलाच पाहिजे असं नाही, हे मला पटतं. त्याला पटत नाही.

आता फासा उलटा पडलाय. गुरं कमी, कारखाने जास्त, त्यामुळे कंपन्या दर जनावरामागे तोटा सोसताहेत. गावातल्या लोकांना वाटतं, बीफचा खिमा पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला म्हणजे रँचर गब्बर झाला. दुष्काळात विकलेल्या गाई कुणी मोजत नाही.

लिलावात त्या कालवडींना ऑगस्टपेक्षा कमी भाव आला, तरी 2019 च्या दुपटीहून जास्त. बोली लावणारे दलाल चेहऱ्यावर दुखवटा ठेवून बसले होते. हे लोक स्वस्तात मिळालं तरी रडतात. मी वाया गेलेल्या लशीचंही बिल लावलं, त्याने मुकाट्याने भरलं.

नोव्हेंबरात नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा, त्या चौघांपैकीच एका कंपनीचा, कत्तलखाना जानेवारीत बंद होणार, अशी बातमी आली. सुमारे 3,200 माणसांचं काम जाणार होतं. काही दिवसांनी मी म्हाताऱ्याच्या गाई तपासायला गेलो. खांद्यापर्यंत हात गाईत घालूनच विचारलं, तोटा खोटा असता तर चालता कारखाना कुणी बंद करेल का?

"तोटा खराच असेल," तो म्हणाला. "पण त्यांनी एक फाटक लावलं की माझा भाव पडतो. मी दुष्काळात गाई विकल्या, तेव्हा भाव चढला का?"

"एकट्याने नाही चढत. सगळ्यांनी विकल्या, म्हणून तर आज चढलाय."

"सगळ्यांनी मिळून आम्ही तेवढंच केलंय," असं म्हणत त्याने पुढची गाय खोड्याकडे हाकली. ती भाकड निघाली.