‘समजले का?’ या प्रश्नाविषयी

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात, जुलाब झालेल्या लेकराच्या आईला मी ओआरएसची मोठी पुडी दिली, ती एक लिटर पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजायला शुद्ध मराठीत सांगितले आणि शेवटी विचारले, “समजले का?” तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कळले की, तिने सगळी पुडी एका पेल्यात कालवली होती. इतक्या दाट द्रावणाने रक्तातील सोडियम वाढून अपाय होऊ शकतो. सुदैवाने लेकराने ते खारट पाणी थुंकून टाकले होते. लिटर मोजायला तिच्या घरी काही आहे का, हे मी विचारलेच नव्हते.

आता मी जीएनएम या परिचारिका अभ्यासक्रमाच्या मुलींना शिकवते. तीन वर्षांच्या या शिक्षणात संवादाचे प्रकार, घटक, अडथळे असे सारे असते आणि मुली ते उत्तरपत्रिकेत मुद्देसूद उतरवतात. वॉर्डात मात्र त्याच मुली नाडी, ताप आणि रक्तदाब लिहून रुग्णाशी एक शब्दही न बोलता पुढच्या खाटेकडे वळतात. म्हणून ‘समजले का?’ हा प्रश्न मी वर्ज्य केला आहे. त्याऐवजी, “मी नीट सांगितले की नाही ते पाहते,” असे आधी म्हणून रुग्णाकडूनच सगळे वदवून घ्यायचे: “माय, घर जाईसन हाई पुडी कशी करशी, ते माले सांग.” अहिराणीने गणवेशाची प्रतिष्ठा कमी होते असे मानणाऱ्या सिस्टर अजून भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी अहिराणीच बोलली जाते! नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र अहिराणीही पुरत नाही; तिथे पावरी किंवा भिली जाणणाऱ्या आशाताईंची मदत घ्यावी, पण बोलताना नजर आईकडेच ठेवावी.

परवा ओपीडीत एका विद्यार्थिनीने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायला सांगून आजीला उलट विचारले. आजी म्हणाली, “जुलाब थांबनात का गोया बंद.” म्हणजे जुलाब थांबले की गोळ्या बंद. मुलीने माझ्याकडे पाहिले. रांग दारापर्यंत गेली होती, तरी मी मान हलवली आणि तिने बोटांवर दिवस मोजत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.