चार मिनिटांचा फरक : चित्रपटाच्या प्रमाणपत्राचा माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही सात जणांनी पदरमोड करून पूर्ण लांबीचा चित्रपट केला. मालेगावात नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन केलेले चित्रपट पाहून आम्हाला धीर आला होता, पण आमच्या माणसांची नावे थिएटरच्या पडद्यावर दिसावीत, हा माझा हट्ट होता. सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागतेच. लेखन, चित्रीकरण, संकलन ही कामे ठरल्याप्रमाणे झाली. आम्ही अडलो ते अर्जातील ‘कालावधी’ या एकाच रकान्यावर.

त्याचे मूळ कारखान्यातल्या ट्यूबलाइटमध्ये होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्र लुकलुकते. १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो, म्हणून आम्ही सगळे चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या वेगाने केले. संकलनानंतर चित्रपट ९६ मिनिटांचा झाला आणि तोच आकडा मी अर्जात भरला. थिएटरसाठी लागणारी डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत, मुंबईतल्या एका लॅबकडून करून घेतली. काही दिवसांनी सेन्सॉरकडून त्रुटी कळवली गेली : अर्जात ९६ मिनिटे लिहिली आहेत आणि प्रत १०० मिनिटांची आहे. त्रुटी काढणाऱ्यांचे काही चुकले नव्हते, कारण दाखवलेली प्रत आणि भरलेला अर्ज जुळलाच पाहिजे.

लॅबला फोन केला तर उत्तर मिळाले, “तुम्हीच नंतर काहीतरी जोडले असेल.” त्यानंतर फोन उचलणेच बंद झाले. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मी मुंबई गाठली आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत लॅबच्या जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिलो. माझ्यानंतर आलेले मोठ्या बॅनरचे लोक आत जाऊन, चहा घेऊन बाहेर पडले. मला मात्र “सर मीटिंगमध्ये आहेत” एवढेच ऐकवण्यात आले. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. छोट्या गिऱ्हाइकाचे पैसे आधी घ्यायचे आणि प्रश्न मात्र ऐकायचा नाही, याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

उलगडा झाला तो घरी. लॅबने तपासणीसाठी दिलेली फाइल मी रात्री पुन्हा लावली होती. माझे वडील तीस वर्षे मागावर उभे राहिले आहेत. ते पलीकडच्या खोलीत जेवत होते. कारखान्याचे दृश्य सुरू झाले तसा त्यांचा हात ताटातच थांबला. ते म्हणाले, “हा आपला माग नाही रे. धोट्याचा ठोका मंद पडतोय, आवाजही जड येतोय.” मी मूळ फाइल लावली, तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली.

मग मी कागद घेतला. ९६ मिनिटे, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १,४४,००० फ्रेम. त्याच फ्रेम सेकंदाला २४ च्या वेगाने चालवल्या की बरोबर १०० मिनिटे होतात. लॅबने आम्हाला न विचारता वेग बदलला होता, म्हणून चित्रपट लांबला आणि प्रत्येक आवाजाची पट्टी खाली उतरली. तिसऱ्या खेपेला मी हे गणित लॅबच्या टेबलावर ठेवले, तेव्हा त्यांच्या तंत्रज्ञाने दहा मिनिटांत चूक मान्य केली. नव्या प्रतीचे वेगळे पैसे मागितले गेले, ते मी दिले नाहीत. २५ फ्रेमची डीसीपीही चालते, मात्र ती थिएटरच्या सर्व्हरवर आधी लावून पाहावी. तेव्हा लॅबला काम देतानाच फ्रेमचा वेग लेखी कळवा, आणि प्रत हातात आल्यावर अर्ज भरण्याआधी ती घड्याळ लावून पूर्ण पाहा.

आणखी एक गोष्ट चित्रीकरणाआधीच करायची असते : बैल किंवा घोडा दाखवायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. आमच्या चित्रपटात विडी ओढण्याचे दृश्य आहे, त्यामुळे सुरुवातीला आणि मध्यावर प्रत्येकी किमान ३० सेकंदांची आरोग्यसूचना, तसेच दृश्य चालू असताना पडद्याच्या तळाशी इशारा द्यावा लागला. शिवाय चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदललेत तर श्रेयनामावली पुन्हा तपासा. अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे नाव वितरकाने बदलले, त्यात स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि तिथल्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्कच गेला.

प्रमाणपत्र ‘यूए १३+’ मिळाले, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन गट झाले आहेत आणि प्रमाणपत्राची मुदतही आता संपत नाही. सोलापुरातल्या थिएटरमध्ये सकाळी रिकाम्या सभागृहात प्रत लावून पाहिली, तेव्हा वडिलांना सोबत नेले होते. माग सुरू झाले तसे ते खुर्चीत सावरून बसले, मिनिटभर ऐकत राहिले आणि मला म्हणाले, “वर जाऊन सांग त्यांना, आवाज अजून थोडा वाढवा.”