आठ दिवसांत अर्धं

“मॅडम, आठ दिवसांत अर्धं, म्हणजे सोळा दिवसांत सगळंच संपते ना?”

नागपुरात सक्करदऱ्यातल्या माझ्या वर्गात अकरावीच्या रसायनशास्त्राची उजळणी चालू होती. किरणोत्सारितेचा, म्हणजे काही अणू आपोआप किरण सोडत बदलत जातात त्याचा, धडा आला आणि किरणोत्सारी आयोडीन-131 दर आठ दिवसांनी अर्धं होतं असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी मी 64 फोडलेले चिंचोके पिशवीत ठेवते. टेबलावर उधळायचे, पांढरी बाजू वर आली तो चिंचोका बाद. उरले 35. पुन्हा उधळले, 17. मग 9, मग 5. चिंचोका काही काटेकोर निम्म्यानं पडत नाही, पण कोणता कधी बाद होईल ते सांगता येत नाही आणि ढीग मात्र हिशेबानं घटत जातो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. 8 दिवसांनी अर्धं, 16 दिवसांनी पाव, 24 दिवसांनी आठवा हिस्सा.

शेवटच्या हट्टी चिंचोक्यावर मुलांच्या पैजा लागल्या. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र गप्प होती. तिच्या वहीत उदाहरण नव्हतं, तारखा होत्या. एकाखाली एक, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. सोळाव्या दिवसाच्या तारखेला गोल केलेला.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. आईला थायरॉईडचा कॅन्सर. ऑपरेशननंतर उरलेल्या पेशींसाठी आयोडीन-131 दिलं होतं. आई घरी आली होती, पण वेगळ्या खोलीत. चार वर्षांचा भाऊ दाराशी बसून रडायचा. आत्यानं आईचं ताट कायमचं फेकायला काढलं होतं. आणि सोळाव्या दिवशी भावाला आईच्या कुशीत द्यायचं, हे हिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

‘आयोडीन-131, थायरॉईडच्या उपचारासाठी’ हे मी इतकी वर्षं एका मार्काचं उत्तर म्हणून पाठ करून घेत आले. त्या क्षणी मला त्याची लाज वाटली.

आम्ही दोघी पुन्हा फळ्यासमोर बसलो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून मिठातलं आयोडीन 127, औषधातलं 131. दोघांत प्रोटॉन 53च, इलेक्ट्रॉनही तेवढेच, म्हणून रासायनिक वागणूक एकच. थायरॉईडच्या पेशीला दोन्हींतला फरक कळतच नाही, ती भुकेल्यासारखी ओढून घेते. “म्हणून आईचं आयोडीनवालं मीठ आधी बंद केलं होतं!” ती एकदम म्हणाली. आयसोटोपची, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे अशा अणूंची, व्याख्या तिला मी तीनदा लिहायला लावली होती. समजली ती आत्ता.

फरक केंद्रकात. तिथे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा कण बाहेर पडतो, 53चे 54 होतात, आयोडीनचा झेनॉन होतो. बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातो, म्हणून जिथे आयोडीन साठलं तिथल्याच पेशी मरतात. सोबतचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. आईपासून लांब राहायचं ते त्यांच्यामुळे. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाईवर येतो.

“आणि ताट?”

दिव्याचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत दिवा होत नाही. तसे किरण पडून ताट किरणोत्सारी होत नाही. पण दिव्यातलं तेल सांडलं तर पुसावं लागतं. लाळेतून, घामातून, लघवीतून आयोडीनच थोडं बाहेर येतं, म्हणून ठरलेले दिवस ताट वेगळं ठेवायचं, नीट धुवायचं. फेकायचं नाही.

आता तिच्या गोलाचं. सोळाव्या दिवशी, नुसत्या विघटनाचा हिशेब धरला तर, पाव हिस्सा उरतो. प्रत्यक्षात बरंचसं आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे शरीरात त्याहून खूपच कमी असतं. पण किती कमी, हे फळ्यावर ठरत नाही. लहान मुलाचं थायरॉईड फार नाजूक. मी तिला स्पष्ट सांगितलं, “माझ्या गणितावर भावाला आत सोडायचं नाही. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर काय लिहिलंय ते बघ, आणि बाबांना डॉक्टरांना फोन करायला सांग.”

तिनं खोडरबरानं तो गोल पुसला. तारीख तशीच ठेवली.

रात्री फोन आला. “मॅडम, बाबा बोलले डॉक्टरांशी. भावासाठी अजून थोडे दिवस सांगितले. तोवर तो अंगणातून खिडकीतल्या आईशी बोलते.” मग जरा थांबून, “आणि आत्यानं ताट परत आणलं. वेगळं घासून ठेवलंय.”