कॉइल बदलण्याआधी एकवीस वॅटचा बल्ब

पावसाळ्यात आंबा घाट चढताना आमची पेट्रोल गाडी मिसिंग करू लागली. सपाटीला ठीक, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की धक्के आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. तो लुकलुकत असताना गाडी रेटू नये. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आणि तो भाग फार महाग असतो.

दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, त्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं. गॅरेजवाल्यांनी चारही कॉइल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग, बदलायला सांगितल्या. मला ते पटेना. हा कोड फक्त सिलिंडर दाखवतो. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, वायरिंग, कशानेही तो येतो.

घरी इंजिन बंद ठेवून दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली, कोड पुसला. कॉइल खराब असती तर पी०३०२ आला असता. पुन्हा पी०३०३च आला. प्लग बदलून पाहिले, तरी तेच.

आता पाळी कॉइलला वीज देणाऱ्या सॉकेटची. त्यात तीन तारा: सप्लाय, अर्थिंग आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) ठिणगी पाडायचा इशारा, म्हणजे ट्रिगर. इग्निशन ऑन करून मीटर लावला, सप्लाय १२.४ व्होल्ट. बहुतेक जण इथेच वायरिंगला क्लीन चिट देतात. पण मीटर जवळपास करंट ओढतच नाही, कॉइल मात्र दर ठिणगीला काही अँपिअर ओढते. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

म्हणून ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब सप्लाय आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये जोडला. पिन सॉकेटच्या मागून सारली. पुढून खुपसली तर आतला टर्मिनल सैल होतो. शेजारच्या सॉकेटवर बल्ब लख्ख, तिसऱ्यावर तांबूस. बल्ब लागलेला असताना व्होल्टेज ८ पर्यंत उतरलं होतं! अर्थिंग अशाच पद्धतीने तपासलं, ते चोख निघालं.

चढावरच मिसिंग का, तेही उलगडलं. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि अर्धवट चार्ज झालेल्या कॉइलला ते जमत नाही.

सप्लाय हार्नेसच्या, म्हणजे टेप गुंडाळलेल्या तारांच्या जुडग्याच्या, आत चारही कॉइलना फुटतो. बाकीचे तीन ठीक, म्हणजे दोष फाट्याच्या पुढे. टेप सोलली. ब्रॅकेटवर घासून इन्सुलेशन उडालं होतं, पाणी शिरून तांब्याची हिरवी भुकटी झाली होती, जेमतेम दोन-तीन धागे शिल्लक.

हिरवा भाग पूर्ण कापून त्याच जाडीची तार सोल्डर केली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवली आणि हार्नेस ब्रॅकेटपासून दूर बांधला. कॉइल चारही जुन्याच आहेत.