चित्त्यासोबत फोटो नाही

नागपूर, रविवार, रात्री

दुपारी ऑफिसातल्या दोघी नामिबियाचे फोटो पाहायला आल्या होत्या. चहा होईपर्यंत त्यांनी अख्खा फोन पालथा घातला आणि मग एकीनं विचारलंच, "तुझा चित्त्याला मिठी मारलेला एकही नाही?" नाही. मी तिथं चित्त्यांच्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहिले, आणि चित्त्याला हात लावायची स्वयंसेवकांना परवानगीच नव्हती, आणि हे मला जाण्याआधीच माहीत होतं. खरं तर जागा निवडताना मी तेच पाहिलं होतं. दक्षिण आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी पैसे भरून सिंहाचे छावे मांडीवर घेता येतात. त्यासाठी पिलांना जन्मल्यावर लगेच आईपासून तोडतात, आणि मोठी झाली की त्यातली बरीच कुंपणातल्या शिकारीसाठी विकली जातात. कुणी मला विचारून जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं आहे: जिथं पिलू कुशीत घ्यायला देतात तिथं एक रुपयाही देऊ नका.

मग तिथं केलं काय? मांस कापलं. सकाळी ताटल्या भरायच्या, वर पावडर भुरभुरायची, कुंपणातली विष्ठा उचलायची, पाण्याची टाकी घासायची. दुपारी काटेरी झुडपं तोडायची. ही झुडपं म्हणजे मोठं दुखणं आहे. एकेकाळी मोकळी असलेली गवताळ माळरानं बाभळीच्या जातीच्या झुडपांनी गच्च भरलीत. चित्त्याला धावायला मोकळी जागा लागते, आणि तिथं पळताना काट्यांनी त्याचे डोळे जातात. नामिबियातल्या ओत्जिवारोंगो गावाजवळच्या चीता कन्झर्वेशन फंड या संस्थेनं तर तोडलेल्या झुडपांचा भुसा दाबून जळणाच्या विटा करायचा कारखानाच काढलाय. आकडेदार काटा एकदा बाहीत घुसला की पुढं ओढून निघत नाही, मागं यावं लागतं. माझा एक पूर्ण बाह्यांचा कुडता तिथंच संपला.

आम्ही ज्यांना खाऊ घालायचो ते चित्ते अनाथ. शेळ्या मारते म्हणून कुणी आईला गोळी घातलेली, आणि पिलं इतक्या लहानपणी माणसांत आलेली की शिकार शिकायची राहूनच गेली. त्यांना जंगलात सोडता येत नाही. त्यातली एक मादी ताटली ठेवायच्या आधी जाळीशी येऊन गुरगुरायची. हे वाघासारखं गुरगुरणं नव्हे, मांजर घरघरतं ना तसं, फक्त डिझेल इंजिनाएवढं. चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही. रागावला तर फिसकारतो, पिलांना हाक मारताना पाखरासारखं चिवचिवतो. कुणी हे सांगितलं असतं तर मला पटलं नसतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो शेळ्यांच्या वाड्यावर.

नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यात राहतच नाहीत, शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींवर राहतात. शेतकऱ्यांनी सिंह आणि तरस आधीच संपवले, त्यामुळं चित्त्याला तिथं आयतं रान मिळालं. मग कालवडी आणि शेळ्या जायला लागल्या आणि १९८० च्या दशकात हजारो चित्ते मारले गेले किंवा पकडून नेले गेले. लॉरी मार्कर या अमेरिकन बाई १९९० मध्ये तिथं गेल्या त्या थेट शेतकऱ्यांच्या दारात. तुमचं नुकसान नक्की कशानं होतं, रात्री जनावरं कुठं असतात, राखणीला कोण असतं, हेच विचारत फिरल्या. १९९४ पासून त्यांच्या संस्थेनं, म्हणजे त्याच चीता कन्झर्वेशन फंडानं, शेतकऱ्यांना तुर्कस्तानी जातीची राखणदार कुत्री द्यायला सुरुवात केली. तुर्कस्तानातल्या अनातोलिया भागातले मेंढपाळ लांडग्यांपासून राखणीला पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पाळत आलेत.

पिलू जन्मतं ते शेळ्यांतच. त्याला फार गोंजारायचं नाही, नाहीतर ते माणसाच्या मागं घरी येतं. मी पाहिलं तेव्हा एक करडू झोपलेल्या पिलाच्या पाठीवर उभं राहून कुंपणाची पानं ओरबाडत होतं आणि पिलानं डोळासुद्धा उघडला नाही. मोठेपणी हे कुत्रं कळपासोबत रानात जातं, काही दिसलं की मध्ये उभं राहून भुंकतं. चित्ता भांडत बसत नाही. पायाला जखम झाली तर त्याला उपाशी मरावं लागेल, म्हणून तो सरळ वाट बदलतो. शेळी वाचते आणि बंदूकही कोपऱ्यातच राहते.

गेल्या आठवड्यात हे सगळं मी मोठ्या उत्साहानं मामांना सांगितलं. मामा उमरेडकडचे, कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून शेत. मागच्या साली त्यांची गाय वाघानं मारली. पंचनामा झाला, पैसेही आले, पण गाय गाभण होती ते कागदावर कुठं येतं? मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडलं तिकडं ठीक हाये वं पोरी. आपल्या इकडं कुत्रं ठेवलं तं बिबट आधी कुत्रंच नेते."

बरोबर आहे. चित्त्याला पळवणारं कुत्रं वाघ-बिबट्यासमोर कुठं टिकणार? २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातले बहुतेक आपल्या विदर्भातले. आम्ही नागपूरकर 'टायगर कॅपिटल' म्हणून छाती फुगवतो आणि रविवारी सफारीची जिप्सी बुक करतो. मामी मात्र मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला वाकते, मेमध्ये तेंदूपत्त्याला जाते. जंगलालगतच्या गावांसाठीच्या सरकारी जन-वन योजनेतून गॅस आला आणि सरपणाच्या फेऱ्या कमी झाल्या, हे चांगलंच झालं. पण मोहफूल काही सिलिंडरमधून येत नाही.

विमानाच्या तिकिटात मामांच्या गावातले किती गोठे बंदिस्त झाले असते, हा हिशेब रात्री डोक्यात येतोच. तरी संधी मिळाली तर मी पुन्हा जाईन. आईला हे पटलेलं नाही. तिच्या मते शेण काढायला एवढ्या लांब जाणं म्हणजे शिकलेल्यांची थेरं. पण मामांच्या घरी मी लहानपणापासून जाते आणि रात्री शेळ्या कुठं बांधता हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. नामिबियातल्या शेतकऱ्यांना लोक तेच विचारताना ऐकलं, म्हणून या वेळी विचारलं. तर कळलं, गोठ्याला तीन बाजूंनी भिंत आणि चौथीकडं नुसती तुराट्यांची ताटी. वर पत्रा आहे, पण भिंत आणि पत्रा यांच्यात हातभर फट, बिबट तिथूनच उतरतो. कुत्रं नको, जाळी हवी, आणि ती वरच्या फटीलाही.

पुढच्या रविवारी माप घ्यायला जातेय. इथं नागपुरात बर्डीच्या बाजारात जाळीचा भाव काढते म्हटलं, तर मामा म्हणाले, "तिथं नको घेऊ वं, लुटतात. उमरेडला आपल्या वळखीचा हाये."