आमची वाटचाल : पाट्या-वरवंट्यापासून कतब्यापर्यंत

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. वडील पाथरवट. पाटे-वरवंटे घडवायचे, टाकी लावून द्यायचे आणि दगडी भिंती बांधायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीची जाड भिंत म्हणजे मरण, हे लोकांच्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलंच. भिंतीचं काम गेलं. पाट्याचं मिक्सरनं आधीच संपवलं होतं. खुलताबादला मामा होते, त्यांच्या आधारानं आम्ही इकडे आलो.

खुलताबादच्या डोंगरावर जिकडे बघाल तिकडे कबरी. १६२६ मध्ये गेलेल्या मलिक अंबरचा मकबरा इथलाच. अशा संरक्षित वास्तूंना आम्ही हात लावत नाही. त्यांच्यापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते, हे आमच्याकडे नवीन पोरगा पहिल्या दिवशी शिकतो. आमचं काम उतारावरच्या घरगुती कब्रस्तानांत. पावसाळ्यात माती खाली सरकते आणि सिरहान्याचा, म्हणजे डोक्याकडचा दगड वर्षागणिक झुकत जातो. तिपाई आणि चेनपुली लावून तो उचलायचा, खाली मुरूम-खडी ठोकून ओळंब्यात धरायचा, वरच्या अंगाला पाण्यासाठी चर काढायचा. सांध्यात चुनाच. सिमेंट घट्ट असतं, ओल आत कोंडते, मग सांधा टिकतो आणि दगड फुटतो.

मला उर्दू वाचता येत नाही. ती बाजू चाचांची. कतबे, म्हणजे कबरीच्या दगडावरचे लेख लिहिण्यात त्यांची हयात गेली होती आणि माझ्याशी भागी केली तेव्हा ते साठीच्या पुढं होते. त्यांचा एकच नियम होता, दगडावर पाणी पडायच्या आधी त्यावरचं अक्षर न् अक्षर रजिस्टरात उतरवायचं. ऊन कलतं झालं की ते दगडाच्या बाजूला बसायचे. तिरप्या उजेडात दुपारी न दिसणारी ओळ उठून येते. सकाळी कोरं वाटलेलं संगमरवर संध्याकाळी बोलतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कुणाला घरच्या कबरीचा फोटो काढायचा असेल तर याच वेळी काढा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका.

आमची हत्यारं साधी : नायलॉनचा ब्रश, बांबूची चपटी काडी, स्पंज आणि टँकरचं गोडं पाणी. बोअरचं खारं पाणी संगमरवरात मुरलं की वाळताना पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार फुटतो. दगड आधी भिजवायचा, मग खालून वर घासत जायचं, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडावर उतरत नाहीत. दगडफूल ओलं झाल्यावर सुटतं तेवढंच काढायचं, चिकटून बसलं तर राहू द्यायचं. एका कतब्याला दोन दिवस लागतात. तारेचा ब्रश आमच्या पेटीत कधीच नव्हता.

आणि हेच आमच्या मुळावर आलं. आमच्याच हाताखाली तीन वर्षं राहिलेल्या एकानं प्रेशर मशीन घेतलं आणि एका कमिटीला आमच्या तिसरा हिस्सा दरात पूर्ण कब्रस्तान ‘नव्यासारखं’ करून देतो म्हणाला. दगड होते एकशे चाळीस. कमिटीनं आमचं ठरलेलं काम काढून त्याला दिलं. आमची दोन पोरंही तिकडे गेली. चेनपुली आणि जनरेटरसाठी पतसंस्थेचं कर्ज उचललेलं होतं, हप्ते थकले. टेम्पो विकला. बायकोची पोत गहाण पडली. माझ्या आईनं त्या वर्षी दिवाळीला कुणाला घरी बोलावलं नाही.

त्यानं वापरलं संडास साफ करायचं ॲसिड. संगमरवरावर ते फसफसतं. लोकांना वाटतं मळ निघतोय, पण निघत असतो दगड. आठ दिवस पांढरंशुभ्र दिसलं. पहिल्या पावसात खडबडीत झालेल्या अंगावर दुप्पट काजळी बसली. काळ्या पाषाणावर तांबूस डाग उतरले. अक्षरांच्या कडा गेल्या, त्या लपवायला पेंटरकडून काळा रंग भरून घेतला. आणि गावात बोलणं सुरू झालं, की आधी आम्हीच घासून ठेवलं होतं म्हणून असं झालं.

शब-ए-बारातला लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात. त्याच्या आधी हैदराबादहून खाला, म्हणजे मावशी, आल्या. दरसाल यायच्या, पहिल्या वर्षापासूनचं आमचं गिऱ्हाईक. वडिलांच्या कतब्यापुढं उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “मिस्त्री, अब्बा का नाम किसने बदला?”

उर्दूत नसीर आणि बसीर यांच्यात एका नुक्त्याचा, म्हणजे टिंबाचा फरक. वर असला तर नसीर, खाली असला तर बसीर. ॲसिडनं वरचा नुक्ता खाल्ला होता आणि खाली मुळातच एक बारीक खड्डा होता. पेंटरनं त्यातच रंग भरला. चाचांनी रजिस्टर आणलं, पान काढलं. वरचा नुक्ता तिथं होता, खालच्या खड्ड्याशेजारी ‘दगडाचा दोष’ अशी नोंदही होती. मग कमिटीसमोर सगळे एकशे चाळीस दगड पानांशी ताडून पाहिले. आमच्यावरचा आळ त्या दिवशी गेला. माफी कुणी मागितली नाही, आमचं जुनं बिलही अजून तिथंच अडकलंय.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. छावणीतल्या ख्रिस्ती दफनभूमीचं काम २ नोव्हेंबरच्या, म्हणजे त्यांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी असतं, जालन्याहूनही बोलावणं येतं. नव्यानं या धंद्यात येणाऱ्याला सांगतो, मशीन नंतर घ्या, वही आधी घ्या. आणि तुटलेल्या कतब्याचा सुपारीएवढा तुकडाही फेकू नका, त्यावर एखादा नुक्ता असू शकतो.

चाचा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा कतबा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता, मी कोरला. रजिस्टर आता त्यांची नात लिहिते. खालांना प्रवास होत नाही. शब-ए-बारातच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन येतो, नुक्ता जागेवर आहे ना म्हणून विचारतात. मी ऊन कलायची वाट बघतो आणि फोटो पाठवतो.