अल्फेन रियाल

जोर्फ लास्फरला माझा चौथा दिवस होता. मोरोक्कोतलं हे बंदर म्हणजे सगळा फॉस्फेटचा कारभार, खौरिब्गाच्या खाणीतला माल पाण्यात कालवून १८७ किलोमीटर पाइपलाइनने इथे येतो, त्याचं ॲसिड, मग खत, आणि बोटीतून बराचसा आपल्याकडे (गावाकडे डीएपीच्या गोणीसाठी रांग लागते ना, तिचं एक टोक इथे आहे). मी गेलेलो पंपाचं सील बदलायला. बदललं, पंप फिरवला तर गळती तशीच, परत खोला, तेव्हा कळलं की पुण्याहून आमच्याच लोकांनी एक ओ-रिंग चुकीच्या साइजची पाठवलीय. जुळणारी मिळेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले आणि पोटात सकाळची दोन बिस्किटं.

ड्रायव्हरने माझं तोंड बघून अल जदीदाच्या वाटेवर गाडी एका धुराच्या लोटाजवळ लावली. पुढे खाटकाचं दुकान, बाजूलाच कोळशाची भट्टी. मांस इकडे वजनावर घ्यायचं, भाजून तिकडे घ्यायचं. मेनू नाही, काटे-चमचे नाहीत, टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं आणि दोन वाट्यांत मीठ आणि जिरेपूड. मी बीफ खात नाही म्हणून 'घनमी, घनमी' करत बसलो, म्हणजे मेंढीचं. खाटकाने समोरच अर्धा किलो मटण कांदा, पार्स्ली आणि चरबी घालून यंत्रातून काढलं. जाळीवर टाकल्यावर चरबी कोळशावर पडून जो वास सुटला ना, खरं सांगतो, पंप-बिंप सगळं विसरलो. पावाचा तुकडा तोडायचा, त्यात खिमा धरायचा, जिऱ्यात बुडवायचा, सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि पुदिन्याचा चहा, साखर म्हणाल तर आपल्या टपरीवाल्यालाही लाज वाटेल.

ड्रायव्हर फोनवर बोलत बाहेर गेला आणि मालक येऊन म्हणाला, "अल्फेन रियाल."

आता मी आधी दोन वर्षं सौदीतल्या जुबैलला होतो, त्यामुळे अल्फेन म्हणजे दोन हजार हे पक्कं माहीत आणि रियाल म्हणजे काय हेही माहीत, डोक्यात चाळीस हजार रुपयांच्या पुढे हिशोब गेला आणि घास घशातच. मी नाही नाही करतोय, तो शांतपणे हो हो करतोय, शेजारच्या टेबलावरचे आजोबा गालात हसतायत.

ड्रायव्हर आला आणि हसत सुटला. इथलं चलन दिरहम, रियालची नोटच नाही. पाच सेंटिमांना (सेंटिम म्हणजे इथला पैसा, शंभरांचा एक दिरहम) जुनी माणसं रियाल म्हणतात, वीस रियालचा एक दिरहम, म्हणजे दोघांचं जेवण शंभर दिरहम. आमची आजी नाही का पन्नास पैशांना शेवटपर्यंत आठ आणे म्हणायची, तसंच.

ऑफिससाठी पावती मागितली तर त्याने पाव गुंडाळायच्या कागदावर २००० लिहून दिलं. मीही थकव्यात तसंच लावून टाकलं. आठवड्याने अकाउंट्सचा मेल आला : सर, कुठली करन्सी?